१२० तासांचे सल्लागार

खानदेशात सल्ल्याचा दुष्काळ कधी पडला नाही. पाण्याचा पडला, कपाशीच्या भावाचा पडला, रोजगाराचा तर बारमाही. पण सल्ला? जळगावात गोलाणी मार्केटपाशी उभे राहा, नाहीतर धुळ्यात पाच कंदीलला. मोबाइल कोणता घ्यावा इथपासून मुलगी कुठे द्यावी इथपर्यंत न मागता मिळतो, आणि देणाऱ्याला घाई नसते. नवीन एवढंच झालंय, की आता त्याला श्रेयांक मिळतात. चार.

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पदवीच्या पोरांना क्षेत्र प्रकल्प आणि 'ऑन जॉब ट्रेनिंग' लागलं. कॉलेजात त्याला ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. कल्पनेला नावं ठेवायला जागा नाही. बी.कॉम., बीबीएच्या पोरापोरींनी वर्गाबाहेर पडावं, एखाद्या धंद्यात बसावं, त्याची अडचण समजून घ्यावी आणि जमलं तर दोन गोष्टी सुचवाव्यात. यात वाईट काय? वाईट पुढे सुरू होतं, आणि त्याची सुरुवात बहुधा मामाच्या दुकानात होते.

कारण प्रत्येकाला एक मामा असतो आणि मामाकडे एक रबरी शिक्का असतो. १२० तास त्या शिक्क्यात मावतात. पोरगं दुकानात एकदा जातं, ते फोटो काढायला. गल्ल्याशेजारी उभं राहून, हातात वही धरून. वही कोरी, चेहरा गंभीर. मग झेरॉक्सच्या दुकानात अहवाल तयार होतो. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन, एक वर्तुळाकार आलेख, मागे आभारप्रदर्शन. अहवाल जळगावहून धुळ्याला जाताना दुकानाचं नाव तेवढं बदलतो. घाईत नदी बदलायची राहते, आणि पांझरेकाठचं धुळं गिरणेच्या तीरावर जाऊन वसतं.

शिफारशी तर पाठच आहेत. दुकानाने डिजिटल मार्केटिंग करावं. ग्राहकांशी संवाद वाढवावा. आता ज्या किराणावाल्याला गिऱ्हाइकाच्या आजोबांची उधारीही तोंडपाठ आहे, त्याने संवाद आणखी किती वाढवायचा?

दुसरीकडे शेठ. त्याला वाटतं, कॉलेजने फुकटचा माणूस पाठवला. त्याचंही चुकत नाही, कॉलेजनेही तसंच सांगितलेलं असतं. पहिल्या दिवशी पोराच्या हातात जीएसटीच्या बिलांचा गठ्ठा पडतो, दुसऱ्या दिवशी गोदामाची किल्ली, तिसऱ्या दिवशी कटिंग चहाची ऑर्डर. मोबदल्याचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार: अनुभव मिळतोय ना! हाच शेठ मुंबईहून कोणी टायवाला आला की हॉटेलची खोली, गाडी, फी आणि वर भरीत-पुरीचं जेवण देतो. टायवाला लॅपटॉप उघडून सांगतो, डिजिटल मार्केटिंग करा. शेठ मान डोलावतो.

सरकारनेही आपल्या परीने तोडगा काढलाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार अशी रक्कम २०२४ मध्ये ठरली. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी आली. तिच्यात महिन्याला ५ हजार ठरले, पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. थोडक्यात, शिक्षण संपवून बेकार झालात तर पैसे आहेत. शिकता शिकता काम केलंत तर मामाचा शिक्का आहे.

'अहो, पण एवढ्याशा पोरांना धंद्यातलं काय कळतं?' हे वाक्य जळगाव जिल्ह्यात तरी कोणी उच्चारू नये. डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९६६ मध्ये तिचे संस्थापक मोहम्मद हशम प्रेमजी अचानक वारले आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा स्टॅनफर्डमधलं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून परत आला. पदवी हातात नव्हती. ती पुढे कित्येक वर्षांनी पुरी झाली. भागधारकांच्या सभेत एकाने त्याला तोंडावर सुनावलं म्हणतात, की हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, हिस्सा विकून मोकळा हो. सल्लाच होता तोही, आणि अनुभवी माणसाचा! अझीम प्रेमजींनी तो ऐकला नाही. त्या कंपनीचं पुढे विप्रो झालं, आणि अमळनेरातल्या ज्या घरांनी तिचे शेअर कपाटात ठेवून विसरून जाण्याचा हलगर्जीपणा केला, ती घरं करोडपती झाली. मालकाचाच मुलगा होता, हे मान्य. पण मालकाचे मुलगे आपल्याकडे काही कमी नाहीत. बुलेटवरून फिरणारे मोजले तरी विप्रोची अर्धी शाखा भरेल.

योगायोग पाहा. अमळनेरात हे घडलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९६७ मध्ये, फ्रान्समधल्या एसेक या व्यवस्थापन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'ज्युनिअर एंटरप्राइज' काढली. पोरांनीच चालवलेली सल्लागार संस्था. कंपन्यांची कामं घ्यायची, प्राध्यापकांना विचारून करायची, आणि बिल लावायचं. हो, बिल. ब्राझीलमध्ये हे लोण इतकं पसरलं की २०१६ मध्ये तिथल्या सरकारने अशा संस्थांसाठी वेगळा कायदा केला: संस्था विद्यापीठाशी जोडलेली हवी, देखरेख हवी, नफा वाटून घ्यायचा नाही, मिळालेला पैसा कामात आणि शिक्षणातच घालायचा. म्हणजे पोरांच्या खिशात तिथेही काही पडत नाही. पण गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं, आणि पैसे मोजलेला अहवाल शेठ वाचतो. निदान आपण कशाचे पैसे मोजले ते बघायला तरी उघडतो.

आपल्याकडे साडेपाच दशकांहून जास्त काळ उलटला तरी अहवाल उघडतो तो फक्त बाहेरचा परीक्षक. तोही शेवटचं पान. सही करायला.

बरं, विचारायला प्रश्न नाहीत असंही नाही. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे छोटे कारखाने आहेत. माल परप्रांतात जातो, पैसे येतात तेव्हा येतात. कायदा सांगतो, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत टळलेली रक्कम खरेदीदाराला पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की घेणेकऱ्याला यापेक्षा चांगलं हत्यार मिळायचं नाही. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, तिचा क्रमांक बिलावर छापलेला असलेला बरा, आणि कोणाचे किती दिवस झाले याची यादी हवी. बी.कॉम.च्या पोरीला हे काम एका आठवड्याचं आहे. बिलांची फाइल, एक कॉम्प्युटर, एक तारखेचा रकाना. बलस्थानांचा चौकोन लागत नाही. कारखानदाराला तिचं नाव जन्मभर लक्षात राहील.

रावेर-यावलकडे जा. तिथे केळीचा भाव रोज जाहीर होतो. बागेच्या प्रकाराप्रमाणे नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा, वर 'फरक' नावाची भर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. पण जाहीर झालेला भाव आणि कापणीच्या वेळी बागेत मिळालेला भाव यांची गाठ पडत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार मानांकनाच्या आधीचीही आहे आणि नंतरचीही. दहा-वीस पोरांनी १२० तास हेच करावं. रोजचा जाहीर भाव एका रकान्यात, पट्टीवरचा भाव दुसऱ्यात, कापणीची तारीख तिसऱ्यात. तीन महिन्यांत असा कागद हाती येईल की त्यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल. नेमका म्हणूनच हा विषय मंजूर होणार नाही. मार्गदर्शक सर चष्मा काढून म्हणतील, 'विषय चांगलाय, पण आपण जरा सेफ घेऊ.' सेफ म्हणजे 'जळगाव शहरातील ग्राहकांचा ऑनलाइन खरेदीकडे पाहण्याचा दृष्टिकोन'. त्यावर कोणालाच कधी उत्तर द्यावं लागत नाही. सरांनाही नाही.

आणि धुळ्याच्या किराणावाल्याकडे जाल तर त्याचा प्रश्न एका ओळीचा असेल. तुमचे चार चौकोन तो शांतपणे बघेल, पोरीला खुर्ची देईल, चहा मागवेल आणि म्हणेल, 'पोरी, हाई समदं ठीक शे. पन मन्ही उधारी कशी वसूल व्हई, ते सांग ना माले.' याचं उत्तर कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्यासाठी उधारीची वही मागावी लागते, आणि ती मिळायला आठ दिवस त्याच्या दुकानात नुसतं बसावं लागतं. विश्वासाला श्रेयांक नाहीत. पण वही उघडली की दिसायला लागतं: कोण पगाराला देतो, कोण कापूस विकल्यावर देतो, कोण देतच नाही आणि तरी साखर घेऊन जातो, कारण तो शेठचा व्याही आहे. पहिल्या दोघांसाठी वसुलीची तारीख ठरवता येते. तिसऱ्यासाठी बीबीए पुरत नाही, पीएच.डी.सुद्धा.

प्रश्न बदलून पाहणाऱ्याचं उदाहरणही जवळच आहे. वाकोदचे उद्योजक भवरलाल जैन वकिलीची पदवी घेऊन आले, सरकारी अधिकारीपद चालून आलेलं नाकारलं आणि १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकायला लागले. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या पावडरीचा बंद पडलेला कारखाना घेतला, आणि त्यात केळीची पावडर करण्याचा हट्ट न धरता पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. बंद कारखान्यात दुसरं काय करता येईल, हा प्रश्न आजही जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कुलूप लावून बसलेला आहे. पोरांना तिथे नेण्यासाठी कॉलेजची बस पुरेशी आहे. ती सध्या सहलीला जाते, थेट अजिंठ्याला.

तेव्हा एक सूचना, फुकटची, आपल्या परंपरेला धरून. ओजेटीचे अर्धे गुण ज्याच्या दुकानात काम झालं त्याने द्यावेत, आणि ते देण्यासाठी त्याने विद्यापीठाला पाचशे रुपये भरावेत. मामा लोक लगेच कटतील. उरतील त्यांना खरंच काहीतरी विचारायचं असेल. शिवाय पोरांनीही शेठला गुण द्यावेत, आणि ते कॉलेजच्या फलकावर लागावेत: कोणी हिशेब दाखवला, कोणी शिकवलं, कोणी नुसती बिलं फाडून घेतली. यातली दुसरी सूचना बाजारपेठेत कोणी मान्य करणार नाही, आणि पहिली विद्यापीठ समितीकडे पाठवेल, हे ठाऊक आहे. तोपर्यंत एवढं तरी करा: चहा आणायला सल्लागाराला पाठवू नका, दुकानात दुसरा पोऱ्या आहे.