टेबलांचा कारभारी

हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांमध्ये मजल्याच्या एका टोकाला, एसीच्या थेट झोतात, हाफ स्वेटर घालून एक गृहस्थ बसलेले असतात. हे डीबीए, म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. हुद्द्याने ते मॅनेजरच्या खाली, पण मॅनेजरसुद्धा त्यांच्यापाशी जाताना आवाज मऊ करतो. कारण प्रॉडक्शनच्या टेबलात साधी एक रो घालायची तरी इन्सर्टचा हक्क लागतो आणि तो यांनी ग्रँट केल्याशिवाय मिळत नाही.

"सर, इन्सर्ट हवा होता."

"तिकीट टाकलंस?"

"हो. अप्रूव्हलपण आलंय."

"रो किती?"

"एकच."

"मग स्क्रिप्ट पाठव, मी चालवतो. एका रोसाठी हक्क कशाला?"

मिनतवाऱ्यांनंतर हक्क मिळतो, पण मागितला तेवढाच. पोरगं खुशीत कोड चालवतं आणि पोस्टग्रेस सुनावतं, सीक्वेन्सला परवानगी नाही. सिरियल कॉलममध्ये रोला नंबर देणारा सीक्वेन्स वेगळा, त्याचा हक्कही वेगळा. "तू इन्सर्ट मागितलास, मी इन्सर्ट दिला," साहेब शांतपणे म्हणतात. दुसरं तिकीट. पुढे कोडमध्ये 'रिटर्निंग' निघतं; घातलेल्या रोचा नंबर परत वाचायला सिलेक्ट लागतो. तिसरं तिकीट!

ओरॅकलवर तर साहेबांचा विशेष जीव. टेबलावर तुमचा कसलाच हक्क नसेल, तर ते 'हक्क नाही' असं तोंडावर म्हणत नाही. असं टेबलच नाही, म्हणतं. वसुलीवाला दारात आल्यावर आतून "ते घरी नाहीत" सांगावं, तसं.

'विथ ग्रँट ऑप्शन' मागणाऱ्याकडे मात्र ते चष्म्यावरून बघतात. आज तुला दिला, उद्या तू इंटर्नला वाटशील!

लोक त्यांना खडूस म्हणतात. मला ते पटत नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबलावर 'ग्रँट ऑल' दिलं की त्यात डिलीट येतो आणि अख्खं टेबल रिकामं करणारा ट्रंकेटही येतो. तो कुणी चालवला, तर रात्री दोनला फोन यांनाच जातो, मागणाऱ्याला नाही.

तेव्हा तिकीट लिहिताना टेबलाचा इन्सर्ट, सीक्वेन्स आणि सिलेक्ट एकदमच मागा. चहा पाजून काम होईल, या भ्रमात राहू नका. ते चहा पितात आणि तिकीट नंबर विचारतात.