जेव, नाहीतर पोलीस येईन!

समाजातल्या मदतनीसांची ओळख आपल्याकडे पोराला बोलता यायच्या आतच करून दिली जाते. जेवला नाहीस तर पोलीस धरून नेईल, रडलास तर डॉक्टर सुई टोचेल, उन्हात हिंडलास तर भंगारवाला पोत्यात घालेल. पाच-सहा वर्षं हे खडतर प्रशिक्षण घेऊन पोरगं पहिलीत येतं. मग मी, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला जिल्हा परिषदेचा मास्तर, भिंतीवर तक्ता टांगून सांगतो, ‘मुलांनो, हे आपले मित्र.’ निम्मा वर्ग सतरंजीच्या मागच्या काठाला सरकतो.

आई-आज्यांना मी बोल लावत नाही. ‘पोलीस’ म्हटल्यावर घास घशाखाली उतरतो. ‘समाजोपयोगी सेवा’ म्हणून पाहा, ताट तसंच राहतं.

तक्त्याचंही काही खरं नाही. त्यातले सगळेच गुलाबी गालांचे, इस्त्रीच्या कपड्यांतले आणि हसरे. इतके हसरे कर्मचारी एका जागी मी फक्त निवृत्तीच्या समारंभात पाहिलेत. शिरस्त्राण घातलेल्या अग्निशामकावर छडी ठेवून विचारलं, ‘हे कोण?’ तर एकमुखाने उत्तर आलं, ‘बॅटिंगवाला!’

‘बरं, गावात आग लागली तर कोणाला बोलावता?’

‘आबाले.’

‘आबा काय करतात?’

‘आबा शिव्या देते. मंग सारे येतात.’

यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही. कडब्याच्या गंजीला आग लागली की तालुक्याहून बंब येईपर्यंत आबांच्या शिव्या ऐकून ट्रॅक्टरचा टँकर, फवारणीचे पंप आणि घागरी घेतलेल्या बाया असा सगळा गाव हजर असतो. बंब पोचतो तेव्हा बंबवाल्यांसाठी चहा ठेवलेला असतो.

पोलिसांचा धडा त्याहून अवघड. गावात पोलीस म्हणजे पोलीस पाटील. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यातला हा माणूस, पण त्याला ना गणवेश ना शिट्टी. ‘ते आपलं रक्षण करतात,’ असं मी म्हटलं तर त्यांचा नातूच उठून म्हणाला, ‘नाही सर, आमच्या बुढ्याले कुत्र्याचं भेव वाटते.’ खऱ्या खाकीशी गाठ पडते ती रामनवमीला, मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या यात्रेत. बंजारा समाजाचा लाखांचा मेळा, त्यात पोरं हरवायचीच. आमच्या दुसरीतला एक गडी असाच हरवला होता. पोलिसांनी त्याला सावलीत बसवून कुल्फी दिली, भोंग्यावरून नाव पुकारलं आणि बापाच्या हवाली केलं. ‘मग पोलिसांची भीती वाटते का रे?’ मी विचारलं. ‘नाही जी,’ तो म्हणाला, ‘येत्या सालीही हरवतो.’

आशाताईंबद्दल मात्र वर्गात दुमत नाही. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ही बाई गावोगाव आली आणि कलेक्टर कोण हे ठाऊक नसलेल्या घरांतही तिचं नाव पोचलं. ती पोलिओचे थेंब पाजते आणि करंगळीला शाई लावते. एका चिमुरडीने त्याचा अर्थ लावून सांगितला, ‘आई-बाबाचं मतदान मोठ्या बोटाचं, आमचं करंगळीचं.’ भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला तो या मतदानाच्या जोरावर, तेव्हा तिचं म्हणणं मी तसंच राहू दिलं.

त्याच २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. हा आकडा पोरांना बे एके बेच्या आधी पाठ होतो. ‘१०८ला फोन केला की कोण येतं?’ डॉक्टर, नर्स, गाडी अशा उत्तरांची मी वाट पाहत होतो. ‘बाळ!’ एक पोरगी ओरडली. तिच्या मावशीच्या वेळी असंच झालं होतं. ‘मावशी एकटीच गेली न् दोघं आले.’ शेजारच्या पोराने लगेच १०८कडून सायकलही येते का, ते विचारून घेतलं.

स्नेहसंमेलनात ‘आपले मदतनीस’ वेशभूषा ठेवली. पालकांनी हौसेने स्टेथोस्कोप आणले, पण पोरं पकडी आणि दोरखंड घेऊन हटून बसली. प्रत्येकाला लाईनमन व्हायचं होतं! कोसळत्या पावसात खांबावर चढून जो गावातले पंखे पुन्हा फिरवतो, त्याच्यापुढे सुईवाल्याची काय मिजास? शेवटी मी खऱ्या लाईनमनलाच वर्गात पाहुणा म्हणून बोलावलं. गडी खांबावर बिनधास्त, पण चाळीस डोळे रोखलेले पाहून घामाघूम. पकड दाखवली, रबरी हातमोजे दाखवले, ‘तारेला हात लावायचा नाही’ हे तीनदा सांगितलं.

मग पहिल्या रांगेतल्या पोराने विचारलं, ‘काका, हरभऱ्याले पाणी द्याले माहा बाप राती दोन वाजता वावरात जाते. तुमी लाईट दिवसा काहून नाही देत?’

लाईनमनने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं.

‘हे सर सांगतील,’ लाईनमन म्हणाला आणि पकड पिशवीत टाकून उठला.