सेल्सिअसकाका

सोसायटीतली पोरं त्यांना सेल्सिअसकाका म्हणतात आणि काकांना त्याचा राग येत नाही. फॅरनहाइटकाका म्हटलं असतं तर आला असता.

लॅमिंग्टन रोडवरून काकांनी एनव्हिडियाची चिप असलेलं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आणलं. फुटापेक्षा लांब, तीन स्लॉटहून जाड, वजन दोन किलोंच्या वर. किंमत काकूंना अजून कळलेली नाही. एवढं धूड मदरबोर्डवरून आडवं लोंबकळणार, म्हणजे टोकाकडे झुकणारच. काकांनी खाली टेकू दिला आणि गवंड्याकडून पाणसळ मागून आणून वर ठेवली. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ते त्या दिवशी जेवले नाहीत.

पाहुणा चहाला टेकला की पाठ सुरू होतो. "चिप केवढी? सहाशे नऊ चौरस मिलिमीटर. वीज किती खाते? साडेचारशे वॉट! आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते, बरं का. मग चिपवर तांब्याची पोकळ, चपटी पेटी बसवतात. आत हवेचा दाब अगदी कमी आणि थोडंसं पाणी. चिप तापली की पाण्याची वाफ होते, वाफ गार बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि जाळीतून झिरपत परत चिपपाशी येते. गार बाजूकडून ती उष्णता नळ्यांमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत जाते आणि पंखे ती बाहेर फुंकतात."

"अहो, मग त्यात पाणी कधी घालायचं?" काकूंनी एकदा विचारलं.

"घालायचं नसतं. जन्माला येताना आणलं तेवढंच."

"बरं झालं. घरात एकाला तरी वाढावं लागत नाही."

२०२२ मध्ये हे कार्ड बाजारात आल्यावर काही ग्राहकांचे वीजजोड वितळले. प्लग पूर्ण आत न बसल्यानं असं होतं, असं कंपनीनं सांगितलं. तेव्हापासून रोज झोपण्यापूर्वी काका दाराची कडी आणि हा प्लग, दोन्ही बघतात. प्लग आधी.

मे महिन्यात भाचा आला आणि त्यानं 'सायबरपंक २०७७' हा गेम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढू लागला. अडुसष्ट. सत्तर. बहात्तरला काका उठले.

"बास कर बाळा, दमलंय ते."

"मामा, कंपनीनं नव्वदपर्यंत चालतं म्हटलंय!"

"कंपनीचं काय जातंय?"

भाच्याला आंबे दिले आणि दुसऱ्या दिवशी गावी धाडलं. आता काका त्या यंत्रावर फक्त पत्त्यांचा डाव मांडतात. काम हलकं असलं की या कार्डाचे पंखे आपोआप थांबतात, त्यामुळे ते बहुधा थांबलेलेच असतात. आकडा छत्तीस. काका खूश.

तुमचा मुलगा असं कार्ड मागत असेल आणि परवडत असेल, तर जरूर घेऊन द्या. फक्त तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला टाकू देऊ नका. खेळायचं राहून जातं.