काका, किल्ला आणि काळी टाकी

आरव्हीवाल्या काकांना हॉटेलात झोप लागत नाही असं नाही. हॉटेलाचं भाडं कळल्यावर लागत नाही. म्हणून न्यू जर्सीतली नोकरी संपत आली आणि मुलं मार्गी लागली, की काका तीस फुटी आरव्ही भाड्याने घेतात आणि हॉटेलाच्या दुप्पट पैसे मोजून हॉटेलाचा खर्च वाचवतात. गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळं असतं. काकू त्यात कुकर, गोडा मसाला आणि गणपतीची तसबीर ठेवतात, मग तिला घर म्हणता येतं.

हे घर तीन गोष्टींवर जगतं: पाणी, वीज आणि सांडपाणी. भांड्यांचं पाणी करड्या टाकीत जातं, संडासाचं काळ्या. काळी टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर काकांची रात्रंदिवस नजर असते. कुणी न्हाणीघरात जरा रेंगाळलं की बाहेरून हाक येते, "अरे, बेताने!" एसी चालू असताना काकूंनी मायक्रोवेव्ह लावला तर तीस अँपची लाइन पडते आणि त्यामागोमाग काकांचा चेहराही. अशी सवय लागली, की जगातली कुठलीही वास्तू माणूस याच तीन प्रश्नांनी तपासू लागतो.

काका फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला पोचले ते या तयारीनिशी. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे शहर. युरोपियनांनी वसवून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आजवर सलग नांदत राहिलेलं याहून जुनं शहर नाही. मुक्काम समोरच्या अनास्तासिया बेटावर, सरकारी उद्यानात. तिथे प्रत्येक गाडीला नळ आणि वीज मिळते; टाक्या रिकाम्या करायला मात्र सगळ्यांसाठी एकच जागा. "तीनपैकी दोन," काकांनी उद्यानाला मार्क दिले.

गावात शिरताना पंचाईत झाली. घोडागाड्यांच्या काळात आखलेल्या गल्ल्यांनी तीस फुटी पाहुण्याचा विचार केलेला नव्हता. काकू खाली उतरल्या आणि मागे उभ्या राहून एसटीच्या कंडक्टरसारख्या ओरडू लागल्या, "येऊ द्या... येऊ द्या... अहो, थांबा!" शेजारून जाणाऱ्या ट्रॉलीतले पर्यटक गावाचे सोडून काकूंचे फोटो काढत होते.

आधी तारुण्याच्या झऱ्यावर गेले. स्पेनचा पोन्स दे लिऑन चिरतारुण्याचं पाणी शोधत फ्लोरिडात आला, अशी दंतकथा आहे. तिकीट काढून त्या झऱ्याचं गंधकाच्या वासाचं पाणी पिता येतं. काकू डोळे मिटून प्यायल्या. काकांनी विचारलं, "याला प्रेशर किती?" मग फ्लॅगलर या धनाढ्याने १८८८ मध्ये उघडलेलं पोन्स दे लिऑन हॉटेल. आज तिथे कॉलेज आहे. इथे त्या काळी एडिसनच्या लोकांनी वीज आणली होती, हे गाइडने सांगताच काका पुढे सरसावले, "किती अँपची लाइन?" गाइडने टिफनी काचांच्या खिडक्यांकडे बोट दाखवून सुटका करून घेतली.

शेवटी किल्ला, कास्तियो दे सान मार्कोस. १६७२ ला सुरू, १६९५ ला पुरा, असं रेंजर म्हणाला. "आमचा सिंधुदुर्ग १६६४ ला सुरू झाला, १६६७ ला तयार," काका म्हणाले. रेंजरने आदराने मान डोलावली आणि सांगितलं, की हा किल्ला लढून कधीच कुणाला घेता आला नाही. काकांना जंजिरा आठवला आणि त्यांनी घाईने विषय बदलला.

तट कोकिना नावाच्या दगडाचा. लाखो शिंपल्यांचा चुरा घट्ट बसून झालेला हा मऊ दगड तोफेच्या गोळ्यांनी फुटत नसे. गोळेच त्यात रुतून बसत. तो आला अनास्तासिया बेटावरच्या खाणींतून. "म्हणजे आपल्या मुक्कामाजवळून निघाला, होडीने इथे आला आणि त्याला जागाही मिळाली," काका काकूंना म्हणाले. पार्किंगचं दुःख अजून ताजं होतं.

१७०२ मध्ये कॅरोलायनाच्या इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा सुमारे दीड हजार माणसं पन्नासेक दिवस या तटाआड राहिली. सगळे हळहळले. काकांनी विचारलं, "संडासाची काय सोय होती?"

रेंजरचा चेहरा उजळला. बहुधा हे कुणी विचारत नसावं. तो त्यांना एका कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेला. समुद्राच्या भरतीचं पाणी आत येई आणि ओहोटीबरोबर घाण घेऊन जाई.

काका त्या खोलीत जितका वेळ उभे राहिले, तितका वेळ ते कुठल्या देवळाच्या गाभाऱ्यातही थांबले नसतील. "दिवसातून दोनदा! हातमोजे नाहीत, पाइप नाही, रांग नाही!" काकू तोवर दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारख्या तोफा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या रांगेत काकांनी पुढच्या ओहायोवाल्या आजोबांना वेढा, दीड हजार माणसं आणि भरती-ओहोटी साग्रसंगीत सांगितली. आजोबांनी किल्ला पाहिला नव्हता. "किल्ले काय, सगळे सारखेच," असं त्यांचं मत होतं. टाकी रिकामी होताच ते गावाकडे निघाले, आणि त्यांच्या मागची आणखी एक गाडीही.

"अहो, खोली कुठली ते सांगितलंत," काकू म्हणाल्या, "पण गाड्या लावायच्या कुठे, ते?"

"ते मुद्दामच नाही सांगितलं," काका हातमोजे काढत म्हणाले, "दुपारी आपल्यालाही परत जायचंय ना!"