पाठीमागचा दिवा

घर बांधताना घरात कशावरून वाजेल हे सांगता येत नाही. फरशीवरून वाजतं, ओट्याच्या ग्रॅनाइटवरून वाजतं, देवघर कुठल्या कोपऱ्यात यावरून तर तीन पिढ्या मैदानात उतरतात. स्वयंपाकघरातल्या दिव्यावरून मात्र कुणी भांडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तो वायरमन ठरवतो. आमच्या गडचिरोलीकडे तो शिडीवरूनच विचारतो, "लाइट कुठं देऊ जी?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून टाकतो, "मधातच देऊन देतो. सप्पा खोलीत उजेड पडते."

पडतो, यात खोटं काही नाही. कॅलेंडरवर पडतो, फ्रिजच्या डोक्यावर पडतो, दाराआडच्या झाडूवरसुद्धा पडतो. फक्त जिथं कांदा चिरायचा असतो तिथं पडत नाही. ओटा भिंतीला लागून, दिवा छताच्या मधोमध. म्हणजे स्वयंपाक करणारीनं ओट्याकडे तोंड केलं की दिवा तिच्या पाठीमागे आणि तिच्याच डोक्याची सावली बरोबर सुरीखाली. वांग्यातल्या अळीला यापेक्षा सुरक्षित जागा जगात नसेल. पुरुषांच्या हे लक्षात येत नाही याचं कारण साधं आहे. ते खोलीच्या मधोमध उभे राहून "आज काय आहे?" एवढंच विचारतात, आणि तिथं उजेड खरोखरच उत्तम असतो.

पूर्वी असं नव्हतं. कवेलूच्या घरात स्वयंपाकाची खोली सर्वांत मागे, सांदवाडीकडे, म्हणजे परसाकडे, उघडणारी. खिडकी असली तर हातभर. पण बाई चुलीसमोर बसायची आणि चूल तिच्यासमोर पेटलेली असायची. तव्यावरची भाकर, गंजातली भाजी, सगळ्यावर समोरून उजेड. शिवाय एखाद्या हौशी घरात कवेलूंच्या रांगेत एक काचेचं कवेलू बसवलेलं असे. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली उतरायचा आणि दिवसभर खोलीत फिरायचा. निवडायचं, टिपायचं काम तर त्या खोलीत कुणी करतच नसे. तांदळातले खडे दारात बसून निवडायचे. पावसाळ्यात रानातून आलेल्या सात्या स्वच्छ करायच्या त्याही पडवीत, दिवसाउजेडी. रानातली अळिंबी दिव्याखाली पारखायची नसते, एवढं शहाणपण तेव्हा घराघरांत होतं.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जंगलातल्या गावांतही सिलिंडर दिसू लागले. चुलीबद्दल हळहळणाऱ्यांनी एकदा श्रावणात ओल्या लाकडांवर आंधण ठेवून पाहावं, हळहळ तिथल्या तिथे डोळ्यांतून वाहून जाते. पण एक गंमत झाली खरी. चुलीची ज्वाळा पिवळी दिसते ती तिच्यात काजळीचे बारीक कण तापून झळाळतात म्हणून. तेच कण उजेड देतात आणि तेच भिंत काळी करतात. गॅस नीट जळला की काजळी धरत नाही. ज्वाळा निळी होते, भरपूर तापते आणि उजेड म्हणाल तर जवळजवळ शून्य. म्हणजे धुराबरोबर समोरचा दिवाही गेला. जोडीला ओटा आला, बसलेली बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिला दिलेला नवा दिवा टांगला गेला तिच्या पाठीमागे. सुधारणा दोन्ही चांगल्या होत्या, फक्त एकमेकींना विचारून आल्या नाहीत.

विजेची आमच्या भागात वाण नाही, निदान कागदावर. शेजारच्या चंद्रपुरात दुर्गापूरला २९२० मेगावॉट क्षमतेचं महाऔष्णिक केंद्र उभं आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेते. आमच्या कोळशावर मुंबईच्या ओट्यांवर दिवे लागतात याचा मला मत्सर नाही, कारण तिथल्या ओट्यांवरही सावलीच पडते हे मी पाहून आलो आहे. साडेसातशे किलोमीटर चोख चाललेली वीज शेवटच्या चार फुटांत वाट चुकते.

या बाबतीत कंदील हुशार होता. तो कामापाशी जायचा. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथं वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कित्येक वर्षं कंदिलाच्या उजेडात रुग्ण पाहिले. तिथं कुणी खोली उजळायला कंदील टांगला नसेल, जखम दिसेल असा धरला असेल. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून कंपन्या निघतात, कापलेल्या धानाच्या बांधीत रात्रभर नाटक रंगतं, पण नायिकेच्या पाठीवर फोकस आणि तोंडावर काळोख असा प्रयोग अजून कुठल्या गावानं सहन केलेला नाही. स्वयंपाकघरात मात्र तो रोज दोन वेळा होतो आणि प्रेक्षक वर जेवूनही जातात.

उपाय स्वस्त आहे. ओट्यावर भांड्यांची फळी किंवा कपाट असतंच. त्याच्या तळाशी, पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला एलईडीची पट्टी लावायची. दिवा आता डोक्याच्या पुढे आला, सावली मागे गेली. कडेला लहानशी पट्टी आडवी ठोकली की डोळ्यांवर चमकही येत नाही. दिवा जवळ असण्याचा फायदाही मोठा. साध्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून छताला नऊ वॉटचे दोन बल्ब जास्त लावून जे साधत नाही ते दीड फुटावरची साधी पट्टी करते. कपाट नसेल तर ओट्याच्या वर, भिंतीवर एक नळी चालते. मधला दिवा राहू द्यावा. "आज काय आहे?" विचारणाऱ्यांची सोय पाहायला हवी.

रंगाचंही पाहावं. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला दिवा निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० चा पिवळसर. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड असा समज आहे. तो खरा नाही, उजेड ल्युमेनवर ठरतो. रंग किती खरे दिसतील हे सांगणारा सीआरआय नावाचा एक आकडा खोक्यावर असतो तो मात्र बघून घ्यावा, ९० च्या वर असला तर उत्तम. जुन्या पिवळ्या बल्बचा तो शंभर असायचा. हलक्या एलईडीत लाल रंग मरतो, तिखट मातकट दिसतं आणि मग हात सैल सुटतो. परिणाम खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही आठवत राहतात.

आमच्या जिल्ह्यात पिवळ्याची बाजू घ्यायला आणखी एक भक्कम कारण आहे, ते म्हणजे किडे. पहिल्या पावसात पंख फुटलेली उदई आणि दिवाळीच्या सुमारास धानावरचे हिरवे तुडतुडे, हे पाहुणे आमंत्रणाशिवाय येतात आणि थेट वरणात उतरतात. निळसर पांढऱ्या उजेडाकडे ते अधिक ओढले जातात, पिवळसर एलईडीकडे कमी. अजिबात येत नाहीत असं नव्हे. म्हणून आमच्याकडची जुनी युक्ती अजून चालू आहे. सांदवाडीत एक पांढरा बल्ब लावायचा, त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवायचं आणि किड्यांची पंगत तिकडे बसवायची. यात भिंतीवरच्या पालीचं नुकसान होतं, पण सगळ्यांचं भलं कुणाला करता आलंय?

आणि वीज जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथं तारांचं काय घेऊन बसलात. ओट्यावरची ती पट्टी इन्व्हर्टरवर घेतली तर पाच-दहा वॉटमध्ये रात्रीचा स्वयंपाक निघतो. मधला मोठा दिवा इन्व्हर्टरवर नसला तरी चालेल, गप्पा अंधारात मारता येतात.

तेव्हा घर बांधत असाल तर एवढं करा. भिंतीला प्लास्टर लागायच्या आत, अंधार पडल्यावर, जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला होणाऱ्या ओट्यासमोर उभी करा, आपण टॉर्च घेऊन ती सांगेल तिथं धरा, आणि तिची सावली हातावरून हटली की त्या जागी खडूनं फुली मारा. वायरमनला म्हणावं, पॉइंट इथं दे जी, मधात नको.