जीभ आणि काटा

स्वीट कॉर्नमधलं आपल्याला कळतं, असा या लेखकाचा जुना समज आहे. वाफवलेल्या दाण्यांचा द्रोण हातात आला की तो दोन दाणे चावतो, डोळे मिटतो आणि ‘एसएच-टू दिसतोय’ असं जाहीर करतो. अंदाज सहसा चुकत नाही, कारण हल्ली बाजारात येणारा बहुतेक माल त्याच जनुकाचा असतो.

त्या जनुकाचा गोडवा इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी सुरकुतलेला दाणा चावून ओळखला आणि १९५३ साली जगापुढे मांडला. जुन्या गोड मक्याची साखर उन्हाळ्यात एका दिवसात निम्म्यावर येते, याची टिकते. फक्त जुन्याचा मऊ, दुधाळ साईपणा याच्यात नाही. हा कुरकुरीत आणि पाणीदार.

साईपणाचा विषय निघाला की लेखक ‘गोल्डन बँटम’वर येतोच. बर्पी कंपनीनं हे वाण १९०२ साली विकायला काढलं, तेव्हा अमेरिकेत पिवळा मका म्हणजे गुरांचं खाद्य. माणसांच्या ताटात पांढराच. चव घेतल्यावर हा तोरा उतरला. बँटमचं कणीस वीतभर, दाण्यांच्या ओळी आठ. कुठल्याही कणसावर ओळी समसंख्येतच असतात, कारण मक्याची कणिशकं जोडीनं येतात. हे कळल्यापासून लेखक लग्नाच्या पंगतीतही कणसाच्या ओळी मोजतो. शेजारचे जरा सरकून बसतात.

मेव्हण्याच्या शेतात बँटम लावायची सूचना अर्थातच त्यानं केली.

“दाजी, व्यापारी सालीसकट वजन करतो,” मेव्हणा म्हणाला. “चवीचा रकाना पावतीवर कुठाय?”

यावर लेखकाकडे उत्तर नव्हतं, आणि चिडचिड मात्र खरी होती. शेजारच्या साध्या मक्याचे पराग उडून आले तर गोड दाणा पिठूळ होतो, म्हणून मेव्हणा पेरणी मागंपुढं करतो. सुरकुतलेलं, उगवायला नाजूक बी ओल बघून टोकतो. लष्करी अळीसाठी पोंगे तपासतो. केस वाळून तपकिरी झाले की दाण्यात नख रुतवून दूध बघतो आणि पहाटेच्या गारव्यात तोडणी लावतो. एवढं जपलेल्या गोडीला वेगळा पैसा नाही. शहरात तिच्यावर लोणी, तिखट आणि चाट मसाला पडतो.

म्हणून त्याच्या रानात १४-१६ ओळींचा, शेंड्यापर्यंत भरणारा, एकदम तोडणीला येणारा संकर. तोडणीनंतरची हिरवी ताटं म्हशींना. त्या एसएच-टू ओळखतात की नाही, हे लेखक अजून तपासतो आहे.