देवमाणूस किरायानं

कळंबात किरायेदाराची चौकशी होत नाही असं म्हणणारा माणूस कळंबात कधी राहिलेला नसावा. चौकशी होते, आणि अशी होते की सीबीआयनं टिपणं घ्यावीत. मूळ गाव कोणतं, सासुरवाडी कुठली, राळेगावच्या अमक्यांचे तुम्ही कोण, मटण घरी शिजतं की बाहेरच खाता, मुलगी लग्नाची आहे काय. चहा संपेपर्यंत माणसाच्या तीन पिढ्या ओसरीवर मांडून होतात. मागच्या घरी किराया वेळेवर देत होता काय, एवढं मात्र कोणी विचारत नाही. चहा घेणाऱ्या माणसाला पैशाचं विचारणं बरं दिसत नाही.

आमच्या वरच्या दोन खोल्यांसाठी माणूस आणला तो एका दलालानं. हा गृहस्थ कापूस, बैल, प्लॉट आणि सोयरीक अशा चारही व्यवहारांत असतो. बैल घेताना मी त्याला पाहिलं आहे. जबडा उघडून दात बघतो, चालवून बघतो, आणि जुंपल्यावर मटकन बसतो की काय याची खात्री झाल्याशिवाय कोणाला विसार देऊ देत नाही. किरायेदाराचे त्यानं दातसुद्धा पाहिले नव्हते. "मानूस देवमानूस हाय काकाजी! मांगच्या घरमालकाले इचारा. हा जाते म्हनून थो तं रडू रायला." आणि एका महिन्याचा किराया दलाली म्हणून तिथंच मोजून घेतला.

मागच्या घरमालकांना फोन केला, तर ते खरोखरच गहिवरलेले होते. या गहिवराचं शास्त्र मला पुढं उमगलं. किरायेदार बरा असला तर मालक "ठीक आहे, त्रास नाही" एवढंच बोलून फोन ठेवतो. निघता निघत नाही अशा किरायेदाराचे गुण मात्र त्याला एकेक करून आठवत जातात. आमच्याशी ते अर्धा तास बोलले.

हे देवमाणूस रेल्वेच्या कामावर, एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा तेव्हा चालू होता. "गाडी सुरू झाली की आपण खोली खाली केली समजा," असा त्यांचा शब्द. सबंध मार्ग 284 किलोमीटरचा, मंजुरी 2008-09 सालची. तेव्हा हा शब्द म्हणजे मुदत होती की धमकी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पहिल्या महिन्यात किराया आला, सोबत पेढे. दुसऱ्या महिन्यात नुसते पेढे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हालाच विचारलं, "काकू, साखर आहे काय?" मग उन्हाळा लागला. विदर्भातला उन्हाळा आणि त्यांचे दोन कूलर! आमची बोअर दुपारी उसासे टाकायची आणि वर झुळझुळ पाणी वाहायचं. विजेचं सबमीटर मार्चमध्ये बंद पडलं, कूलर बंद पडले नाहीत. 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा-कळंब मार्गाचं उद्घाटन झालं, गाडी हलली, गावानं टाळ्या वाजवल्या. आम्ही घरचे तेवढे डब्यांच्या खिडक्या निरखत होतो. गाडीत ते नव्हते. आमच्याच शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गल्लीतल्या कायदेपंडितांनी आता बाराचा आकडा काढला. "बारा वर्षं राह्यला का घर त्याचंच!" कळंबात बारा वर्षं म्हटलं की चिंतामणीच आठवतो. जमिनीच्या पातळीखालचं ते देऊळ, पायऱ्या उतरून जायचं. दर बारा वर्षांनी कुंडातून गंगा वर येते, देवाच्या पायांना लागते आणि ओसरते, अशी श्रद्धा आहे. गंगेला घर खाली करण्याची नोटीस द्यावी लागल्याचं ऐकिवात नाही.

यवतमाळच्या वकीलसाहेबांनी बारा वर्षांची भीती झटकली. 1963 च्या मुदत कायद्यातली ती बारा वर्षं मालकाच्या हक्काविरुद्ध उघड ताबा ठेवणाऱ्यासाठी आहेत. परवानगीनं किरायानं राहिलेला माणूस नुसता बसून मालक होत नाही. मग त्यांनी दलालानं आणलेला, नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं, करार लेखी हवा, नोंदणीकृतही हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदार सांगेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

"म्हणजे मी आत आणि तो घरात?"

"कलम 24 तुमच्या बाजूचं आहे ना," ते म्हणाले. "मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई."

जो माणूस एकपट देत नाही, त्याच्याकडून दुप्पट वसूल करण्याची ही कल्पना मला फार आवडली. शाळेत शून्याचा पाढा आम्हाला शिकवला नव्हता, तो इथं कामी आला असता. माझा चेहरा पाहून त्यांनी धीर दिला, की जुन्या काळी याहून कठीण होतं. विदर्भात 2000 सालापर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1949 चा आदेश चालायचा आणि किरायेदाराला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. त्यामानानं मी सुखात होतो. सल्ल्याची फी मात्र त्यांनी एकपटच घेतली.

अखेर कायद्यानं नव्हे, रुळांनी सोडवलं. काम पुढं सरकलं आणि सुपरवायझरसाहेबांना यवतमाळकडं मुक्काम हलवावा लागला. यथावकाश तिकडच्या एका घरमालकांचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत हिनं मोबाइल ओढून घेतला. पुढं जे काही मी ऐकलं, तेवढी स्तुती लग्नानंतर या घरात कोणाचीही झालेली नाही. पण यवतमाळचा माणूस खमक्या निघाला. "वहिनी, एवढा चांगला आहे तर सोडता कायले?"

"अहो भाऊजी," ही म्हणाली, "रेल्वेच्या कामाला आपण आडवं कसं यायचं?"

आता वर एक सरकारी कर्मचारी आहेत. आहेत म्हणजे कागदावर. मुख्यालयी राहतो असं दाखवल्याशिवाय घरभाडे भत्ता पदरात पडत नाही, म्हणून खोली इथं, संसार यवतमाळला, आणि रोजचं अपडाऊन. एक तारखेला किराया जमा. कूलर नाही, पाणी नाही, साखर नाही. दारावर पाटी तेवढी राहते, आणि तिचा काही त्रास नाही. यांच्या वेळी आम्ही मूळ गावसुद्धा विचारलं नाही.

मागच्या महिन्यात एक साहेब पडताळणीला आले. कर्मचारी इथंच राहतात ना, सध्या आहेत काय, वगैरे. "आत्ताच चिंतामणीच्या दर्शनाला गेले," हिनं चहा पुढं करत सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं, चहा संपवला, जिन्याकडं एकदा मान वळवली आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "वरची दुसरी खोली रिकामीच आहे काय? मलाही यवतमाळहूनच यावं लागते."